समजून घ्या : माणूस जवळ आला की शिल्प कसे हलते?

गणेशोत्सवातील हलते देखावे महाराष्ट्राला नवे नाहीत. राक्षसाचा हात वर जातो, गरुडाचे पंख हलतात. समोर शंभर माणसे असोत की कोणीच नसो, मोटार आपली फिरत राहते. पाहणाऱ्याची दखल घेऊन हलणारे शिल्प ही त्यापुढची पायरी. तिच्यामागचे तंत्र आज कॉलेजच्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आहे. हे तंत्र नेमके काय आहे आणि धातू-लाकडाची वस्तू अचानक जिवंत का वाटू लागते?

गतिशिल्प आणि संवादी शिल्प यांत फरक काय?

ज्या शिल्पात हालचाल हाच कलाकृतीचा भाग असतो, ते गतिशिल्प. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर 2012 मध्ये बसवलेले ‘कायनेटिक रेन’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात तांब्याच्या रंगाचे 1,216 थेंब तारांना लटकवलेले होते आणि संगणकाच्या आज्ञेनुसार ते खाली-वर होत वेगवेगळे आकार तयार करत. मात्र हा क्रम आधीच ठरलेला होता.

अमेरिकेत काम करणारे कलाकार डॅनियल रोझिन यांचा 1999 मधील ‘वुडन मिरर’ वेगळा आहे. त्यात लाकडाचे 830 चौकोनी तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्यामागे एक छोटी मोटार. दडवलेला कॅमेरा समोरच्या माणसाचे चित्र टिपतो. त्यानुसार तुकडे वर झुकले की उजळ आणि खाली झुकले की गडद दिसतात. माणूस हलला की लाकडातील त्याचे प्रतिबिंबही हलते. हे संवादी शिल्प.

मायक्रोकंट्रोलर काय करतो?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला लहानसा संगणक. तो एका बाजूने सेन्सरचे संकेत घेतो, त्यावर नियम लावतो आणि दुसऱ्या बाजूने मोटारीला आज्ञा देतो. हे चक्र सेकंदाला अनेकदा चालते.

कलाकारांपर्यंत तो पोहोचला, त्यात ‘आर्डुइनो’चा मोठा वाटा आहे. इटलीतील इव्हरेया येथील डिझाइन संस्थेत हर्नान्डो बारागान या विद्यार्थ्याने 2003 मध्ये ‘वायरिंग’ ही प्रणाली तयार केली. त्याच वाटेवर 2005 मध्ये मास्सिमो बांझी आणि सहकाऱ्यांनी आर्डुइनो आणला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही तो वापरता यावा, हा हेतू होता. प्रचलित ‘उनो’ बोर्डात प्रोग्रॅमसाठी जागा असते फक्त 32 किलोबाइट. मोबाइलमधला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण एखादे शिल्प चालवायला तेवढी जागा पुरते.

शिल्पाला चाहूल कशी लागते?

समजा, तांब्याच्या पत्र्याचे लाजाळूचे झाड करायचे आहे. कोणी जवळ आले की त्याची पाने मिटली पाहिजेत. त्यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर पुरतो. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. त्यामुळे एक मीटरवरच्या माणसाकडून प्रतिध्वनी परत यायला साधारण 6 मिलिसेकंद लागतात. यावरून अंतर कळते.

पाने हलवायला सर्वो मोटार लागते. तिला दर 20 मिलिसेकंदांनी एक संकेत पाठवला जातो. तो साधारण 1 मिलिसेकंदाचा असेल तर मोटार एका टोकाला जाते, 2 मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकाला.

मग ते जिवंत का वाटते?

खरी कला इथे आहे. मोटारीला थेट शेवटच्या कोनात पाठवले, तर पाने खटकन मिटतात आणि खेळण्यासारखी वाटतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी उरलेल्या अंतराचा दहावा भागच कापायला सांगितले, तर हालचाल वेगात सुरू होऊन हळुवार थांबते.

दुसरा मुद्दा मर्यादेचा. ‘80 सेंटिमीटरच्या आत आला की मीट, बाहेर गेला की उघड’ असा एकच नियम ठेवला, तर माणूस बरोबर त्या रेषेवर उभा राहिल्यावर पाने थरथरत राहतात. म्हणून मिटण्यासाठी 80 आणि उघडण्यासाठी 100 सेंटिमीटर अशा दोन मर्यादा ठेवाव्या लागतात. वर काही सेकंदांची उसंत दिली की ते खऱ्या लाजाळूसारखे चटकन मिटते आणि सावकाश उघडते. यंत्र तेच, फक्त प्रोग्रॅमच्या चार-पाच ओळी बदललेल्या.

फसते कुठे?

बहुतेक वेळा वजनात आणि विजेत. बाजारात सहज मिळणाऱ्या 9 ग्रॅमच्या सर्वोची ताकद सुमारे 1.8 किलो-सेंटिमीटर असते. म्हणजे आसापासून 1 सेंटिमीटरवर ती जेमतेम 1.8 किलो पेलते. तोच दांडा 10 सेंटिमीटर लांब केला, तर फक्त 180 ग्रॅम. उपाय तराजूचा : मागच्या बाजूला तोलाचे वजन द्यायचे, म्हणजे मोटारीला केवळ हलवण्याचे काम उरते.

मोटारीची वीज बोर्डाच्या पिनमधून घेणे ही नेहमीची चूक. पिनमधून 20 मिलिअॅम्पिअरपेक्षा जास्त घेऊ नये असे सांगितले जाते. सर्वोला सुरू होतानाच शेकडो मिलिअॅम्पिअर लागतात. व्होल्टेज घसरते, बोर्ड रीस्टार्ट होतो आणि शिल्पाला मधेच झटके बसतात. मोटारींना स्वतंत्र पॉवर सप्लाय द्यावा आणि दोन्हींचा ग्राउंड मात्र जोडलेला असावा.

मंडळांच्या देखाव्यात चालेल?

चालेल, पण नियम बदलावे लागतील. मंडपात समोर कायम कोणी ना कोणी असतेच, त्यामुळे अंतर मोजणारा सेन्सर सतत ‘माणूस आहे’ असेच सांगणार. सैलसर मऊ कपडे अल्ट्रासॉनिक आवाज शोषून घेतात, तर ढोल-ताशापुढे मायक्रोफोनचा निभाव लागत नाही. अशा ठिकाणी कळ दाबणे, दोरी ओढणे किंवा ठरावीक जागी पाय ठेवणे हे साधे उपाय जास्त खात्रीचे. आपल्यामुळेच मूर्तीने मान वळवली, हे त्या मुलाला स्पष्ट कळते.

अशी शिल्पे टिकतात का?

हा या कलेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न. पोलंडमध्ये जन्मलेले शिल्पकार एडवर्ड इनातोविच यांचे ‘सेन्स्टर’ 1970 मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या ‘एव्होल्युऑन’ प्रदर्शन केंद्रात उभे राहिले. पोलादी नळ्यांचा हा लांब मानेचा ‘प्राणी’ हळू आवाजाकडे झुकायचा आणि गोंगाट झाला की मान मागे घ्यायचा. मायक्रोफोन, रडार आणि त्या काळातला मोठा संगणक त्याला चालवत होता. पण 1974 मध्ये ते काढून टाकण्यात आले आणि सांगाडा अनेक वर्षे उघड्यावर पडून राहिला. क्राकोच्या एजीएच विद्यापीठाने 2017 मध्ये तो मिळवला आणि 2018 मध्ये ‘सेन्स्टर’ पुन्हा हलू लागले.

दगडी मूर्ती शतकानुशतके उभी राहते. इथे मात्र सर्वोचा प्लास्टिकचा गिअर काही महिन्यांतही झिजू शकतो, आणि वापरलेला बोर्ड काही वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. म्हणून शिल्पासोबत प्रोग्रॅमची प्रत, वायरिंगचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि ‘हालचाल किती वेगाने व्हायला हवी’ हे दाखवणारा व्हिडिओ जपून ठेवणे गरजेचे ठरते. मोटार बदलता येते. पण शिल्प कसे वागत होते हेच हरवले, तर उरतो तो फक्त सांगाडा.