ऑईलचा काटा वर चढला म्हणजे इंजिन निरोगी, असे नव्हे



लागण, खोडवा आणि हुमणी हे माझे नेहमीचे विषय. या वेळी थोडे वेगळे लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या वस्तीवर वाडवडिलांची जुनी जीप अजून आहे, आणि खाली सांगितलेली गोष्ट ट्रॅक्टरलाही लागू पडते.

गेल्या महिन्यात खोडव्याची पाहणी करायला एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. अंगणात त्यांची जुनी पेट्रोल जीप उभी. वडिलांनी हौसेने घेतलेली, मधली बरीच वर्षे गोठ्याशेजारी धूळ खात पडलेली. वडील आता ऐंशीच्या पुढे. यंदा मोळीपूजनाला त्यांना याच जीपमधून कारखान्यावर आणायचे, असा मुलाचा बेत. गाडी सुरू करून त्यांनी मला हाक मारली, "साहेब, बघा की, काटा पार शेवटाला गेलाय! इंजिन अजून कडक आहे."

ऑईल प्रेशरचा काटा सत्तर पौंडांच्या पुढे होता. मी म्हटले, "दादा, आधी बंद करा."

त्याचे कारण असे. डिप्लोमा होऊन घरी आलो, त्या वर्षी मामांची अशीच जीप मी चालवीत असे. तिचाही काटा कायम वर. प्रेशर कमी असणे वाईट हे आम्हाला माहीत होते, तेव्हा जास्त असणे चांगलेच, असा सरळ हिशेब आम्ही केला. एक दिवस चढाला खडखड सुरू झाली आणि पुढच्या वळणावर इंजिन धरले. चेंबर खोलले तर दोन कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे खरवडून गेलेली आणि तेलाच्या वाटा गाळाने बुजलेल्या. दुरुस्तीसाठी मामांनी एक म्हैस विकली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

चूक कुठे झाली? प्रेशर म्हणजे तेलाचा प्रवाह, असे आम्ही धरून चाललो. आपण ठिबक वापरतो, त्यामुळे हे पटकन कळेल. फिल्टर चोक झाला की फिल्टरच्या अलीकडचे मीटर चढते, पण सरीतला ऊस कोरडाच राहतो. चढलेला काटा पाहून कोणी म्हणत नाही की आज पाणी भरपूर बसले! इंजिनातही तसेच. मीटर जिथे जोडलेले असते तिथले प्रेशर ते दाखवते. त्यापुढची वाट बुजली असेल तर काटा वर आणि बेअरिंग उपाशी, असे होऊ शकते.

आता या जीपविषयी. उंच बोनेटचे हे मॉडेल अमेरिकेत विलिस कंपनीने १९५३ साली काढले. पुढे महिंद्रांनी ते आपल्याकडे बनवले. इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे. आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. इंजिनाची उंची वाढली म्हणून बोनेट उंच करावे लागले. गरम इंजिनाला चालत्या वेगात तेलाचे प्रेशर साधारण ३५ पौंडांच्या आसपास असावे. वेगात २० च्या आणि आयडलला ६ च्या खाली जाऊ नये.

तपासणी आम्ही क्रमाने केली. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी सोपे व स्वस्त, मग खर्चाचे.

पहिले, मीटर. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर येतो का? येत नसेल तर दोष मीटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. आम्ही ओळखीच्या फिटरकडून खात्रीचे मीटर आणून ब्लॉकला जोडले. तेही तितकेच दाखवू लागले. म्हणजे प्रेशर खरोखरच जास्त होते.

दुसरे, थंड की गरम? सकाळी थंड तेल दाट असते, तेव्हा काटा काही वेळ वर जाणारच. त्याची भीती नको. इंजिन पुरते तापल्यावरही उतरला नाही, तर मात्र शोध घ्यावा. इथे उतरला नाही.

तिसरे, तेल. पुस्तकाप्रमाणे आपल्या हवेला ३० नंबरचे तेल चालते. पूर्वी कोणीतरी धूर मारायला ५० नंबरचे दाट तेल ओतले होते. हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो, पण रोग तसाच राहतो. चेंबर उतरवले तर तळाला काळा गाळ. तो हातानेच काढला, जाळी धुतली. गाळ विरघळवण्याचे औषध टाकून इंजिन चालवू नये; सुटलेला गाळ जाळीतच अडकण्याचा धोका असतो. चेंबर खाली होतेच, म्हणून एका बेअरिंगची टोपीही उघडून पाहिली. सुदैवाने ठीक होती.

चौथे, रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर वाढले की हा व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत सोडतो. या जीपमध्ये तो ऑईल पंपालाच असतो, इंजिनाच्या बाहेरून हाताला येतो. पंप उतरवायची गरज नाही. उगाच उतरवूही नये, कारण डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर चालतो. बसवताना चुकले तर टायमिंग बिघडते. व्हॉल्व्हचा नट खोलला तर आतला तुकडा वाळलेल्या तेलाने जागीच चिकटलेला, आणि स्प्रिंगला वाजवीपेक्षा जास्त पातळ वायसर. वायसर वाढवले की प्रेशर वाढते, काढले की उतरते. रॉकेलने धुऊन, पॉलिश कागद न लावता, तुकडा बोटाने सहज सरकेपर्यंत साफ केला आणि जादा वायसर काढले.

नवीन तेल घालून इंजिन तापवले. काटा चाळीसवर. दादा खूश! "झालं की हो साहेब." मी म्हटले, "अजून एक राहिलंय."

पाचवे, तेल पोचते का? वरचे रॉकर कव्हर काढून इंजिन सावकाश चालवले. रॉकर शाफ्ट जवळजवळ कोरडा! काटा बरोबर होता, पण तेल वरपर्यंत जात नव्हते. शाफ्ट उतरवून भोके तारेने मोकळी केली, वाट हवेने फुंकली. पुन्हा चालवल्यावर प्रत्येक रॉकरपाशी तेल झिरपू लागले आणि काटा ३४ वर स्थिरावला. दादा बराच वेळ त्या तेलाकडेच बघत राहिले.

काट्याकडे जरूर बघावे, पण शेवटचा दाखला तेल पोचल्याचा. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे असतील. ते त्याच्या पुस्तकात पाहावेत. पद्धत हीच. नेहमीपेक्षा काटा खाली गेला तर आपण लगेच थांबतो. वर गेला तरी थांबावे. हंगाम तोंडावर आहे. ऐन तोडणीत इंजिन धरले तर दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि फडात वाळणारा ऊस दुसरीकडे.

मोळीपूजनाला उंच बोनेटची जुनी जीप दिसली, तर शेजारी बसलेल्या आजोबांना नमस्कार अवश्य करा.

— ऊस विकास अधिकारी