बुकोविनाचे चित्रित मठ

रुमानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी बुकोविना नावाचा प्रदेश आहे. तेथील ऑर्थोडॉक्स पंथाच्या मठांतील चर्चे आतून तर रंगविलेली आहेतच, पण बाहेरूनही पायापासून वळचणीपर्यंत चित्रांनी मढविलेली आहेत. तांबेकर वाड्यात कृष्णलीला आणि महाभारत पाहत वाढलेल्या आपणा वडोदरेकरांना भिंत हे पोथीचे पान असू शकते, हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु पावसात आणि बर्फात उघड्यावर असलेले रंग पावणेपाचशे वर्षे टिकावेत, हे नवलच! २०१९ साली एका परिषदेसाठी बुखारेस्टला जाणे झाले, तेव्हा सौ.सह सुचावा शहर गाठून दोन दिवसांत चार मठ पाहिले.

त्यांतला मुकुटमणी व्होरोनेत्स. मोल्डेव्हियाचा राजा स्तेफान याने १४८८ मध्ये हे चर्च चार महिन्यांच्या आत बांधून घेतले. बाहेरची चित्रे १५४७ ची, धर्माध्यक्ष ग्रिगोरे रोश्का यांच्या पुढाकाराने काढलेली. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंग त्या स्फटिकांत कायमचा अडकतो. अजिंठ्याची रीत निराळी, तेथे वाळलेल्या गिलाव्यावर डिंकासारख्या बंधकाने रंग चिकटवला आहे. बुकोविनात छपराची वळचण चांगली रुंद ठेवली, तिचाही हातभार लागला. तरी वाऱ्यापावसाच्या माऱ्यातली उत्तरेची बाजू बरीच पुसट झाली आहे. आणि खालच्या पट्ट्यात प्रवाशांनी ओरखडून कोरलेली नावे आहेत. हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे, एवढेच समाधान.

पश्चिमेची सबंध भिंत म्हणजे अंतिम न्यायाचे एकच विशाल चित्र. पार्श्वभूमीला अझुराइटचा तो प्रसिद्ध निळा. ख्रिस्ताच्या पायांपासून अग्नीची नदी खाली वाहते. देवदूत तुतारी फुंकतात, ती मात्र तेथील मेंढपाळांच्या लांब लाकडी शिंगाची. हिंस्र श्वापदे पूर्वी खाल्लेल्या माणसांचे हातपाय तोंडातून परत आणून देत आहेत. हरणाने कुणालाच खाल्लेले नसल्याने त्याच्यापाशी द्यायला काही नाही. मी या हरणापाशी बराच वेळ रेंगाळलो.

नरकाच्या वाटेवर फेटेवाले तुर्क उभे आहेत. मोल्दोवित्सा येथे कॉन्स्टँटिनोपलचा वेढा रंगविला आहे. प्रसंग ६२६ सालचा, वेढा घालणारे पर्शियन आणि अवार. पण चित्रात त्यांच्या जागी तुर्क असून त्यांच्यापाशी तोफा आहेत! हे शहर तुर्कांनी १४५३ मध्येच जिंकले होते आणि चित्रकाराचा राजा सुलतानाला खंडणी भरत होता. रणांगणावर जमले नाही ते भिंतीवर साधले. निरक्षर भाविकांची मुले या चित्रांवरूनच धर्म शिकत आणि शत्रू कोण हेही शिकत. चित्रकलेला मी मनापासून दाद दिली. या धड्याला मात्र देता आली नाही.

व्होरोनेत्सच्या त्याच भिंतीवर डावीकडे स्वर्ग आहे. अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे तीन वृद्ध बसले आहेत आणि पुण्यवंतांचे आत्मे चिमुकल्या बाळांसारखे त्यांच्या मांडीवर विसावले आहेत. बालरोगतज्ज्ञाची नजर तेथे खिळणारच. मला आठवले ते याच सुचावा जिल्ह्यातले सिरेत गाव. १९६६ च्या हुकुमाने चाउशेस्कू राजवटीने गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. नको असलेली, आजारी, अपंग मुले सरकारी संस्थांत साचत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळल्यावर त्या संस्थांची छायाचित्रे जगासमोर आली, त्यांत सिरेतच्या रुग्णालयातली मुलेही होती. खाटेच्या गजांना धरून डुलणारी, उचलून घ्यायला कुणी नसलेली.

पुढे बुखारेस्टमध्ये संस्थांतील १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी संस्थेत राहिलेल्यांहून सरस वाढलेली दिसली; ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांची सर्वांत अधिक. अन्न आणि औषध दोन्हीकडे होते. मांडी एकीकडेच होती. अनाथालयाला भेट देताना आपण बहुधा वजनकाटा आणि लसींची नोंदवही पाहतो. एका दाईकडे किती बाळे, हा प्रश्न मी तेव्हापासून आधी विचारतो.

शेवटचा मठ सुचेवित्सा. उत्तरेच्या भिंतीवर स्वर्गाची शिडी, एका बाजूला शिस्तीत देवदूतांच्या रांगा, दुसरीकडे भिक्षूंना खाली ओढणारे सैतान. पश्चिमेची भिंत मात्र कोरीच. रंगवताना चित्रकार पराचीवरून पडून मेला म्हणून ती तशीच ठेवली, अशी दंतकथा सांगतात. आम्ही तेथे असतानाच एक जोगीण लाकडी फळीवर मोगरीने ठोके देत चर्चला फेरी घालू लागली आणि सायंप्रार्थना सुरू झाली.