चार रुपयांची पिन

नाना पेठेतल्या एका गॅरेजकडे मी वळले ती वासामुळे. ब्रेक धरून बसलेली एक गाडी नुकतीच ढकलत आणली होती आणि तिच्या चाकांतून तापलेल्या लायनरचा करपट वास येत होता. हा वास मी लहानपणापासून ओळखते. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी जुना बोरघाट उतरला की बाबा खोपोलीला आमची फियाट बाजूला घ्यायचे आणि बजावायचे, "चाकाला हात लावू नका, पाणीही टाकू नका." ब्रेकचा ड्रम तापून फुगला की आतला शू त्याला पुरेसा दाबून धरू शकत नाही, पाय खाली जात राहतो, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो. हे सगळं मला पुढे कळलं. वास तेव्हापासूनचा आहे.

त्या गाडीपलीकडे, लाकडी ठोकळ्यांवर, आमच्या गाडीसारखीच एक फियाट उभी होती. १९६८ ची डिलाइट. पुढची दोन्ही चाकं काढलेली, ड्रम काढलेले, स्टिअरिंगचे रॉड गोणपाटावर मांडलेले. गॅरेजच्या उस्तादांना विचारलं, "बघत बसले तर चालेल का?" ते म्हणाले, "बसा की ताई. स्टूल घ्या." मी तीन दिवस जात राहिले.

या गाडीशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ पासून ती डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. उरलेल्या गाड्या आता हौशी मालकांकडे आहेत आणि त्यांची तब्येत अशा गॅरेजांच्या हातात आहे.

पहिला दिवस साफसफाईत गेला. उस्तादांच्या हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा आहे. तो ड्रममधली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवायला निघाला तसं त्यांनी त्याच्या हातात ओलं फडकं दिलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. "आम्ही फुंकर मारून उडवायचो. कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

मग व्हील सिलिंडर उघडले. बोटाएवढी ही नळी. पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून इथवर येतो, आतले पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमला भिडतात. एका सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने झाकून ठेवली की ते पाणी आतून खात राहतं. खड्ड्यांवर घासून रबर फाटतं आणि ऑइल गळायला लागतं. या गाडीत चारही चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो सिलिंडर लेथवर स्लीव्ह घालायला गेला. ड्रमही गेले, दोन्ही सारख्याच मापाला घ्यायचे असं सांगून. माप कमीजास्त झालं, किंवा एका लायनरला ग्रीसचा डाग लागला, तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक लागताना वजन पुढे येतं, म्हणून पुढच्या चाकांचं काम सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बुश दाबून बसवले, रिमर फिरवला, शू चढवले, स्प्रिंगा ओढल्या. मग स्टिअरिंगचे रॉड आले, आणि ज्यासाठी मी हे लिहिते आहे तो क्षणही.

टायरॉडचा नट कंगोऱ्यांचा असतो. तो आवळायचा, कंगोऱ्यातून आणि बोल्टच्या भोकातून स्प्लिट पिन घालायची आणि तिचे पाय फाकवायचे. मग नट सुटत नाही. पोराने काढलेली जुनी पिन पकडीने सरळ केली होती, ती तो घालणार एवढ्यात उस्तादांनी हात पुढे केला. पिन घेतली, निपरने मधोमध तोडली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. "चार रुपयांची पिन आहे. वाकवलेली पुन्हा वाकवली की तुटते. इथला नट निघाला तर हातात नुसतं स्टिअरिंग राहतं."

ओरडले नाहीत. तोडली मात्र, म्हणजे ती पुन्हा कुणाच्याच हाती लागू नये.

नवीन पिनचं भोक जुळेना. पोरगा नट सैल करायला गेला. "मागे नाही, पुढे. पुढच्या कंगोऱ्यापर्यंत आवळ." मग त्यांनी उलटा नियमही सांगितला: टेपर बेअरिंगचा नट असेल तर भोक जुळवायला किंचित मागे यायचं, नाहीतर बेअरिंग जळतं. दोन्हीकडे पिन चार रुपयांचीच. नियम मात्र उलटे, आणि ते हातात मुरायला वर्षं लागतात.

तिसऱ्या दिवशी दोरी ताणून चाकं सरळ रेषेत घेतली. टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधली नळी फिरवली की रॉड लांब किंवा आखूड होतो. शेवटी ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायची होती. पोरगा चाकाशी बसला, पेडलवर मी. "मारा... मारा... धरा ताई." आधी पाय कापसात गेल्यासारखा जात होता. मागच्या डाव्या चाकापासून एकेक करत बुडबुडे निघाले आणि पुढच्या उजव्या चाकाला पाय एकदम घट्ट अडला. त्या घट्टपणाने मला बाबांची आठवण झाली. आम्हाला घाटातून खाली आणताना त्यांनी ज्यावर भरवसा ठेवला तो हाच घट्टपणा, आणि तो कुणीतरी असंच जमिनीवर बसून घडवला होता.

मालक संध्याकाळी आले. रंगाचं काम दुसरीकडे चाललंय, क्रोम चकचकीत होणार आहे, हे त्यांनी आनंदाने सांगितलं. बिलावर मात्र घासाघीस केली. मला ते लागलं. रंगावर खर्च होतो त्याच्या कितीतरी कमी पैशांत हे तीन दिवस झाले होते, आणि ती गाडी थांबणार आहे ती या तीन दिवसांच्या जोरावर.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर पुढच्या रॅलीआधी ती जॅकवर चढवा आणि मिस्त्रीबरोबर स्वतः खाली वाकून बघा. ब्रेकची रबरं कधी बदलली ते विचारा. प्रत्येक टायरॉडच्या नटात पिन आहे का, आणि ती नवी आहे का, ते पाहा. आणि त्या बिलात घासाघीस करू नका.