मादी पिल्लाला घर कोण देणार?

२०२५ च्या पावसाळ्यातील गोष्ट. रोवणीचे दिवस होते. कचेरी सुटल्यावर तुमसरहून आंबागडला परत येत होतो. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक कुत्री मरून पडलेली दिसली. कुठल्या तरी ट्रकने तिला उडवले होते. आपल्या भागात हे रोजचेच, म्हणून मीही गाडी पुढे काढली. पण तिची दुधाने भरलेली सडे डोळ्यांपुढून हलेनात. दूध आहे म्हणजे पिल्ले आहेत, एवढे कळायला फार शिक्षण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली पोरेच सांगत आली की तणसाच्या ढिगाखाली पिल्ले ओरडत आहेत. चार होती. डोळे नुकतेच उघडलेले. दोन नर आणि दोन मादी.

संध्याकाळपर्यंत दोन्ही नरांना घरे ठरली. एक खाणीत कामाला जाणाऱ्या कुटुंबाने सांगून ठेवला, दुसरा नागपूरच्या एका पाहुण्याने. दोघेही म्हणाले, जरा मोठा होऊ द्या, मग नेतो. माद्यांकडे मात्र कोणी वळून पाहीना. एक म्हातारी सरळच बोलली, "पोट्टी हाय न जी, इले कोन नेईल? वर्षभरात दाराशी आठ पिल्लं आनून ठेवील."

वाचक बंधुभगिनींनो, हे वाक्य ऐकून मी गप्प राहिलो. हे बोल आपण केवळ कुत्र्यांच्या बाबतीत ऐकलेले नाहीत. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. फरक एवढाच की म्हातारीच्या बोलण्यात तथ्यही होते. मादी पिल्लू नाकारले जाते ते द्वेषाने नाही, पुढच्या पिल्लांच्या भीतीने. आणि त्या भीतीवर उपाय आहे. तो उपाय मला या चार पिल्लांनीच शिकवला.

पहिली चूक माझी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसरा कोणी ती करणार नाही. मी घरातले गाईचे दूध कोमट केले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरले आणि चमच्याने पाजले. तिसऱ्या रात्री एक मादी पिल्लू मेले. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, उताणे धरल्यामुळे दूध फुप्फुसात गेले असणार. शिवाय गाईच्या नुसत्या दुधाने पिल्लांना हगवण लागते आणि दोन दिवसांत ती सुकून जातात.

त्यांनी सांगितले ते असे. अनाथ पिल्लाला पहिली गरज दुधाची नसते, उबेची असते. पहिले तीन आठवडे त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही. म्हणून खोक्यात जुने लुगडे अंथरावे, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि पिल्लू ऊबदार झाल्यावरच पाजावे. पाजताना ते पोटावर असावे, जसे आईच्या कुशीत असते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते ती उत्तम. अगदी लहान असेल तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते. पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने त्याची शी-शूची जागा पुसावी. आई चाटते तेव्हाच पिल्लाला लघवी होते, आपोआप होत नाही. तीन-चार आठवड्यांनी मऊ भात, उकडलेले अंडे सुरू करावे. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध, सहा ते आठ आठवड्यांत पार्वो आणि डिस्टेंपरची लस, तीन महिने झाले की रेबीजची लस.

हे सारे ऐकून मी मनात म्हटले, नोकरी करून हे व्हायचे कसे? तेव्हा शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दिवसभर मी घरीच असतो भाऊ. खोका इथं ठेवा माया सुपाजवळ." उरलेली तिन्ही पिल्ले मावशींच्या ओसरीवर वाढली. दोन नर आपापल्या घरी गेले. राहिली एकटी मादी. पोरांनी तिचे नाव भुरी ठेवले.

भुरीला जर्मनीचे बोलावणे

माझ्या आतेबहिणीचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. भुरीचा फोटो त्याच्या मोबाइलवर गेला आणि त्याचा फोन आला. "मामा, तिला मी दत्तक घेतो. इकडे पाठवता येईल का?" वस्तीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणी हसले, कोणी चिडले. एक जण म्हणाला, "आमच्या पोराले पासपोर्ट भेटत नाही अन् कुत्रीले भेटते का?"

तर भेटतो. २०२३ साली बनारसच्या रस्त्यावरची जया नावाची कुत्री नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमला गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. फिरायला आलेल्या एका बाईंना ती रस्त्यात भेटली. तिला सोबत नेण्यासाठी त्या बाईंना सहा महिने थांबावे लागले. त्याच वर्षी बनारसचाच मोती नावाचा कुत्रा इटलीला गेला. गोव्यातही परदेशी पाहुणे किनाऱ्यावरची पिल्ले दत्तक घेऊन आपल्या देशात नेतात.

भाच्याने आणि मी मिळून नियम पाहिले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे कागद वाचायची सवय आहे, तरी डोके चक्रावले. भारत हा रेबीज असलेला देश. म्हणून युरोपात जाणाऱ्या कुत्र्याला आधी कातडीखाली मायक्रोचिप बसवायची. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची लस, तीही पिल्लू बारा आठवड्यांचे झाल्यावरच. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. लस अंगी लागली असे अहवालात आले तर रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने थांबायचे. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत हलायचे नाही. शिवाय सरकारी पशुवैद्यकाचा दाखला आणि केंद्र सरकारच्या पशू संगरोध कार्यालयाचे प्रमाणपत्र हवे. मालकाने स्वतः पाच दिवसांच्या मागेपुढे प्रवास केला पाहिजे. नाही तर तो प्रवास व्यापारी समजतात आणि त्याचे नियम आणखी कडक असतात.

इतर देशांतही दार अरुंद झाले आहे. २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने भारतासारख्या रेबीजचा धोका असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणणे बंद केले. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला प्रवेश नाही, आणि आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्याला चिप, लस आणि रक्ततपासणी, नाही तर तिथे पोचल्यावर विलगीकरण, हे सारे लागते. हे नियम बदलत राहतात, म्हणून ज्यांना करायचे असेल त्यांनी त्या वेळचे ताजे नियम विचारून घ्यावेत.

मुख्य गोष्ट अशी की परदेशी जाणाऱ्या पिल्लालासुद्धा पहिले सात महिने इथेच कोणीतरी सांभाळावे लागते. त्याला लस इथेच द्यावी लागते. परदेशातले घर हे शेवटचे पाऊल आहे. आधीची सारी पावले आपल्याच गल्लीत पडतात.

आठ दिवसांनी भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याने विमानभाडे, पेटी, तपासणी असा सगळा हिशेब मांडला होता. म्हणाला, "मामा, एवढ्या पैशात आपल्या वस्तीतल्या किती कुत्र्यांची नसबंदी होईल?" मी उत्तर दिले नाही. पेन्सिल घेऊन हिशेब करायला बसलो.

प्रश्न माणसांचाच आहे

आता त्या चिडलेल्या बांधवाच्या प्रश्नाकडे येतो. माणसांचे एवढे प्रश्न असताना कुत्र्यांची काळजी कशाला? हा प्रश्न आपल्या समाजात विचारला जाणे स्वाभाविक आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते आणि आपल्या माणसांना मज्जाव होता. त्या अन्यायाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२७ साली सत्याग्रह केला. ही आठवण असलेला माणूस कुत्र्याच्या लाडाकडे संशयाने पाहणारच. पण ते भांडण माणसाचा हक्क नाकारणाऱ्यांशी होते, तहानलेल्या जनावराशी नव्हते.

आणि कुत्रा चावतो कोणाला? मोटारीतून फिरणाऱ्याला क्वचित. पहाटे पायी कामावर जाणाऱ्या बाईला चावतो, अंगणात झोपणाऱ्याला चावतो, शाळेत चालत जाणाऱ्या पोराला चावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, आणि त्यांत भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही. म्हणून रस्त्यावरचे पिल्लू टोचून घेणे हे आपल्याच लेकराचे रक्षण आहे.

शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या मदतीने वर्षानुवर्षे गल्लीगल्लीत जाऊन कुत्र्यांना जाळ्यात धरले, टोचले आणि तिथेच सोडले. २०२१ साली गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्री मारून हे झाले नाही. एका जागची कुत्री मारली की शेजारच्या वस्तीतली, न टोचलेली कुत्री तिथे येतात. दहापैकी सात कुत्री टोचलेली असली तर रोगाची साखळी तुटते.

कायदाही माहीत असावा. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे ग्रामपंचायतीचीही जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्यास सांगितले. त्यामुळे शाळेच्या दाराशी कुत्र्यांना खाऊ घालू नये, मुलांच्या वाटेपासून दूर घालावे.

आणि चावा बसलाच, पिल्लाचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि सुयांचा क्रम पुरा करावा. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये.

भुरीचे काय झाले?

भाच्याने विमानाचे पैसे गावी पाठवले. त्यात वस्तीतल्या थोड्या लोकांनी आपापल्या परीने भर घातली. चौदा कुत्र्यांना रेबीजची लस दिली, भुरीसह तीन कुत्र्यांची नसबंदी करून आणली. आकडा लहान आहे, मला ठाऊक आहे. पण पुढच्या पावसाळ्यात त्या तिघींची पिल्ले तणसाखाली ओरडणार नाहीत.

त्याच हिवाळ्यात विहारात सर्वांच्या मोबाइलवर एका कुत्र्याचे फोटो येत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथून काही भिक्खू शांतीचा संदेश घेऊन पायी वॉशिंग्टनला निघाले होते. सुमारे २३०० मैलांची वाट. त्यांच्याबरोबर चालत होता तो आपल्या भारतातला गावठी कुत्रा. इथल्या पदयात्रेत तो भिक्खूंच्या मागे लागला आणि त्यांचाच झाला. त्याचे नाव आलोक, म्हणजे प्रकाश. फेब्रुवारी २०२६ मध्ये यात्रा वॉशिंग्टनला पोचली. आपल्या रस्त्यावरचे जनावर जगाने एवढे डोक्यावर घेतलेले पाहून पोरांना मोठा अभिमान वाटला. एका मुलीने विचारले, "काकाजी, आपली भुरी पन जाईन का?"

मी मावशींकडे पाहिले. शस्त्रक्रियेनंतर भुरीला दुसरे घर शोधायचे असे ठरले होते. आता पिल्लांची भीती नव्हती, त्यामुळे दोघे जण विचारूनही गेले होते. त्यांत ती म्हातारीही होती. मावशींनी विडीला दोरा बांधला, तोडला आणि म्हणाल्या, "तिले सांगा, दुसरी पोट्टी पाहा म्हनावं. रस्त्यावर लय हायेत."

तेच मला आपणा सर्वांना सांगायचे आहे. आपल्या गल्लीत पिल्लू दिसले तर आधी त्याची आई शोधा. ती जिवंत असेल तर आठ आठवडे त्याला तिच्यापासून तोडू नका. आई नसेल तर ऊब द्या, वेळेवर टोचून घ्या. घरी नेताना केवळ नर निवडू नका. मादी न्या, सहा महिन्यांनी तिची नसबंदी करून घ्या. ग्रामपंचायतीत अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि उत्तर आले नाही तर दुसरा अर्ज द्या. अर्ज लिहायला कोणी नसेल तर कचेरी सुटल्यावर मी घरीच असतो.