अभियांत्रिकीचे कॉलेज : आपल्या मुलांनी कसे निवडावे?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावी, विहारात, एक गृहस्थ मला भेटायला आले. गवंड्याच्या हाताखाली काम करणारे. सोबत बारावी झालेली मुलगी. म्हणाले, "जयभीम गुरुजी. पोरीला सीईटीत चांगले मार्क पडले म्हणतात. कोणतं कॉलेज स्वस्तात पडंल तेवढं सांगा." मी विचारात पडलो. शेजारी बसलेल्या माझ्या प्राध्यापक मित्राने मात्र तत्काळ सांगून टाकले, "भाऊ, तुम्हाला कसली काळजी? तुमची फी सरकार भरतं."

हे वाक्य आपले विरोधक कुत्सितपणे बोलतात आणि आपली माणसे दिलासा म्हणून बोलतात. दोघांनाही त्यातला अर्धाच भाग ठाऊक असतो. काही वर्षांपासून मी आणि माझे दोनचार सहकारी प्रवेशाच्या दिवसांत मुलांचे अर्ज भरून देतो. त्या अनुभवातून त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मांडत आहे.

प्रथम सरकार काय भरते ते पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही काही कुणी काल-परवा दिलेली खिरापत नव्हे. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना तिचा पाया घातला गेला. आज अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्यातील विद्यार्थ्याचे मंजूर शुल्क या योजनेतून मिळते. शिवाय निर्वाह भत्ता मिळतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यास तो वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये आहे. तेरा हजार पाचशेला बाराने भागा. महिन्याला अकराशे पंचवीस होतात. त्यात खाणावळ भागत नाही. खोलीभाडे, जर्नले, वर्कशॉपचा गणवेश, लॅपटॉप आणि सुटीला गावी जाण्याचे भाडे यांची गोष्टच सोडा.

आणि हे पैसेही वेळेवर येत नाहीत. खरी मेख इथे आहे. कॉलेज जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते. शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजच्या कारकुनाची तपासणी, समाजकल्याण खात्याची मंजुरी, मग हप्ते. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो व तो त्याने कॉलेजला भरायचा असतो. घरात आजारपण निघाले, बापाचे काम सुटले, की खात्यावर आलेली ती रक्कम पाहून कोणत्या माणसाचे मन स्थिर राहील? आणि पैसे आलेच नाहीत तर कॉलेज विद्यार्थ्यालाच धारेवर धरते. माझा एक विद्यार्थी शेवटच्या वर्षाला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. शिष्यवृत्तीचा एक हप्ता थकला म्हणून त्याच्या खासगी कॉलेजने गुणपत्रिका अडवली. नोकरीची मुलाखत तोवर होऊन गेली. तो मुलगा नापास झाला नव्हता, सरकार उशिरा पास झाले होते. वास्तविक शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून आगाऊ शिक्षणशुल्क मागू नये अशीच २०२१ च्या नियमांची दिशा आहे, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास तंत्रशिक्षण परिषदेची मनाई आहे. पण नियम कागदावर असतो आणि कारकून खिडकीत असतो.

म्हणून मी मुलांना सांगतो की कॉलेजच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार वाचण्याआधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीची चौकशी करा. ती प्राचार्यांकडे करू नका. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली आपली मुले शोधा. प्रवेशाच्या दिवशी किती पैसे मोजावे लागले, पावती कशाची मिळाली, हप्ता थकला तेव्हा परीक्षेचा अर्ज भरू दिला का, हे त्यांना विचारा. ज्या कॉलेजात आपली मुले पहिल्या वर्षाला पुष्कळ आणि चौथ्या वर्षाला मोजकीच दिसतात, तिथे काय घडत असेल ते वेगळे सांगायला नको.

आता कॉलेजांचे प्रकार. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी राज्यात मोजकीच शासकीय आणि अनुदानित महाविद्यालये होती : पुण्याचे १८५४ पासूनचे, मुंबईचे १८८७ चे व्हीजेटीआय, सांगलीचे १९४७ चे वालचंद, औरंगाबाद व कऱ्हाडची १९६० ची, अमरावतीचे १९६४ चे, नांदेडचे १९८१ चे. १९८३ नंतर साखर कारखान्यांच्या शेजारी कॉलेजे उगवली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रूढ झाला. जागा वाढल्या हे खरे, आपल्याही मुलांना त्यातून काही मिळाले हेही खरे. परंतु २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात विनाअनुदानित संस्थांवर राज्य आपले आरक्षण लादू शकत नाही असा निकाल दिला तेव्हा ह्या जागा कुणाच्या, हे उघडे पडले. त्यावर ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. ज्या दारातून आज आपली मुले आत जातात ते एकदा बंद होऊ घातले होते, एवढे तरी त्यांना माहीत असावे.

माझे मत स्पष्ट आहे. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालय मिळत असेल तर पसंतीक्रमात ते आधी टाकावे, मग शाखा मनासारखी नसली तरी. तिथे शुल्क मुळातच कमी असते, त्यामुळे शिष्यवृत्ती थकली तरी डोक्यावरचा बोजा पेलण्याजोगा राहतो. मित्र म्हणतात, संगणकाची शाखा सोडून स्थापत्य घ्यायला लावता, हा अन्याय आहे. काही अंशी त्यांचे खरे आहे. ज्या मुलीला खरोखर संगणकच शिकायचा आहे तिला मी अडवत नाही. पण नऊ-दहा मुलांमागे एखादेच असे असते. बाकीच्यांना शेजाऱ्याने सांगितलेले असते.

पसंतीक्रम भरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज लागले तर ते घ्यावेच लागते; तेव्हा 'बघू तर लागतंय का' म्हणून काहीही वर टाकू नये. दुसरे, प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यावा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेवर शिष्यवृत्ती मिळत नाही. फेरी संपल्यावर दलाल फोन करतात, 'जागा देतो, स्कॉलरशिपचं आम्ही बघून घेऊ' म्हणतात. ते बघत नाहीत. याखेरीज प्रत्येक कॉलेजात शिक्षणशुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा असतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आपल्यातल्या नोकरदारांच्या मुलांनी त्यांचा विचार करावा.

राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अकरावी-बारावी विज्ञानला असतानाच त्यासाठी कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करायचा असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे ज्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्यातही बसू दिले नाही त्यांचा शाळेचा दाखला आणा, असे हे आहे. तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल आणि जमिनीच्या जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. तहसीलच्या अभिलेखागारात दोन महिने सहज जातात. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करणारी मुले दरवर्षी माझ्या पाहण्यात येतात आणि त्यांना खुल्या जागेवर ढकलले जाते.

आयआयटीबद्दल आपल्या वस्त्यांत एक भीती आहे की तिथले लाखोंचे शुल्क आपल्याला कुठले परवडणार. प्रत्यक्षात तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. पण जागा स्वीकारताना भरायची रक्कम वेगळी. २०२४ साली उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित रोजंदार मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. साडेसतरा हजार रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. पैसे जमा होईपर्यंत वेळ संपली आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा ३० सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली त्याला प्रवेश द्यायला लावला. हा मुलगा लढला म्हणून आपल्याला कळला. आमच्या विहारात त्यानंतर आम्ही एक डबा ठेवला आहे. प्रवेशाच्या दिवसांत लागेल तेवढी रक्कम त्यातून उसनी द्यायची आणि शिष्यवृत्ती आल्यावर परत घ्यायची. आतापर्यंत बुडाली नाही.

ज्याला घरी तातडीने मिळकत हवी त्याने दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार जरूर करावा. तीन वर्षांत पदविका हाती येते आणि पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. आपल्याकडे पदविकेला कमीपणा का समजतात कोण जाणे.

आणि शेवटी राहण्याचा प्रश्न, जो मी सर्वांत आधी विचारतो. बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तर नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद उभे राहिले ते मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलांसाठी, आणि त्या मुलांना तिथे नुसता वर्ग नव्हे तर वसतिगृहही लागले. आज समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात राहणे-जेवणे मोफत आहे, पण तिथला प्रवेश कॉलेजच्या प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही. अर्ज वेगळा, यादी वेगळी, जागा मोजक्या. तिथे नंबर न लागल्यास २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० रुपये असे दर ठरले. रक्कम बरी, परंतु तीही मागाहून येते. पहिले चारपाच महिने मुलगा कुणाच्या खोलीवर टेकणार, हे ठरल्याशिवाय मी पुण्याचे कॉलेज पसंतीक्रमात वर टाकू देत नाही.

त्या गृहस्थांना मी हेच सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मुलीने मध्येच विचारले, "सर, हॉस्टेलची यादी कॉलेजच्या यादीआधी लागते का नंतर?" नंतर, मी म्हणालो. तिने वहीत लिहून घेतले. मग आम्ही नांदेड पहिले टाकले, अमरावती दुसरे, आणि त्याच रात्री तिचा वसतिगृहाचा अर्जही भरून घेतला.