डाळिंबाचा तुरटपणा आणि मेंदूचे आरोग्य
(आहारातील पॉलिफेनॉल : लेखांक ४)

डाळिंबाची साल आणि दाण्यांमधले पिवळसर पडदे तुरट लागतात ते पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य संयुगांमुळे. त्यांतले प्रमुख म्हणजे प्युनिकॅलॅजिन. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या मोठ्या बागा आहेत आणि त्यांत भगवा वाणाला विशेष मागणी असते. या वाणाच्या दाण्यांचा लालभडक रंग अँथोसायनिन या दुसऱ्या पॉलिफेनॉलमुळे येतो. प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत असते. त्यामुळे घरी नुसत्या दाण्यांचा काढलेला रस आणि सालीसकट दाबून काढलेला कारखान्यातला रस यांत मोठा फरक पडतो.

प्युनिकॅलॅजिनचा रेणू इतका मोठा असतो की तो जसाच्या तसा रक्तात फारसा उतरत नाही, मग मेंदूपर्यंत पोहोचणे दूरच. पोटात त्याचे विघटन होऊन इलॅजिक आम्ल बनते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगे तयार करतात. ती रक्तात शोषली जातात. मात्र हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. काहींच्या शरीरात युरोलिथिन बनतच नाही. एकाच झाडाचे फळ खाऊनही दोघांच्या रक्तात वेगवेगळे पदार्थ सापडतात ते यामुळेच.

युरोलिथिन-ए पेशींमधील निकामी मायटोकाँड्रियांची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांची) विल्हेवाट लावायला मदत करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या संयुगामुळे सूक्ष्म कृमींचे आयुष्य वाढल्याचे दिसले. अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांत मायटोकाँड्रियांचे काम बिघडलेले असते, म्हणून मेंदू-संशोधकांचे लक्ष इकडे वळले. पण कृमी म्हणजे माणूस नव्हे.

माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेत ५० ते ७५ वयोगटातील निरोगी व्यक्तींना वर्षभर रोज डाळिंबाचा रस देण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाहिलेल्या आकृत्या शिकण्याची क्षमता रस घेणाऱ्यांमध्ये टिकली; स्मरणाच्या इतर कसोट्यांत फरक दिसला नाही. अभ्यासाला पैसा रस विकणाऱ्या कंपनीचा होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. द्राक्षातल्या रेझव्हेराट्रॉल या पॉलिफेनॉलची कथा याहून निराशाजनक. अल्झायमरच्या ११९ रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीत त्याची मोठी मात्रा वर्षभर देऊनही आजारात ठोस सुधारणा झाली नाही. भरवसा ठेवावा असे अजून काही हाती नसताना बाजारातल्या महागड्या गोळ्यांचे दावे अवाजवीच म्हणायचे.

रसाची दुसरी बाजू साखरेची. २०० मिलीलीटरच्या पेल्यात सुमारे २५ ग्रॅम साखर असते आणि तंतू जवळपास नसतात. मधुमेहाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. त्यामुळे साखर चढलेल्या माणसाने मेंदूसाठी म्हणून रोज रस पिणे उलटेच ठरू शकते. दाणे बियांसकट चावून खाल्ले की तंतू पोटात जातात, आणि एका वेळी खाल्ले जाणारे प्रमाणही आपोआप कमी राहते.