वानरं गच्चीवर आली तर काय करायचं? खायला देणं बंद, अर्ज वनविभागाकडे, चावलं तर लगेच इंजेक्शन

निलंगा : गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की वानरांची टोळी हजर. टाकीचं झाकण उघडून पाण्यात हात, डिशची छत्री वाकडी, पत्र्यावर धडाधड उड्या. तालुक्यातल्या बऱ्याच गावांत आता हे रोजचं झालंय. सुरुवातीला लोक हसतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात. एखाद्या पोराच्या हातातला कुरकुऱ्याचा पुडा हिसकावला, बाई जिन्यावरून पडली की मग गावात ओरड सुरू होते.

मुळात वानर गावात येतं कशाला? काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं आपलं वानर हे पाला खाणारं जनावर आहे. कोवळी पानं, शेंगा, फुलं, फळं हा त्याचा खुराक. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. राहिली ती गावठाणातली वड-पिंपळ-चिंचेची झाडं आणि मांजरा-तेरणेच्या काठची थोडीफार झाडी. बांधावरचे आंबे, चिंचा तुटल्या. मग तूर, हरभरा, सोयाबीन आणि त्यानंतर घरं. गावात कुत्र्यांशिवाय त्याला कुणाचं भ्या नाही, पाणी बारा महिने आहे आणि वरून माणूसच हाताने खायला देतो.

खरी मेख इथंच आहे. शनिवारी मारुतीच्या पाराजवळ केळी, फुटाणे, बिस्किटं द्यायची आपली जुनी पद्धत. भाव चांगला आहे, पण वानर त्यातून एकच गोष्ट शिकतं, माणसाच्या हातात खाणं असतं. पुढे ज्याच्या हातात पिशवी दिसेल त्याच्यावर ते झडप घालतं. ज्या गावात खायला देणं सुरू आहे तिथं फटाके, जाळ्या, गोफण सगळं फुकट जातं. ग्रामपंचायतीने दवंडी देऊन, देवळाच्या भोंग्यावरून सांगून हे आधी थांबवलं पाहिजे. पहिले काही दिवस टोळी जास्त चिडते, जास्त आत घुसते. तेवढा काळ दम धरावा लागतो.

घराचं म्हणाल तर साध्या गोष्टी पुरतात. पापड-कुरडयांवर शेडनेट किंवा जुनी मच्छरदाणी टाकून चारी बाजूंनी दगड ठेवायचे. टाकीच्या झाकणाला तार बांधायची. खिडकीला जाळी बसवायची आणि जिन्याचं दार दिवसाही लावून घ्यायचं. गच्चीला टेकलेली फांदी छाटायची, झाड तोडायचं नाही. खरकटं उकिरड्यावर उघडं टाकायचं नाही.

वानर घरात शिरलंच तर दार बंद करून त्याला कोंडू नये. हीच चूक सगळ्यात जास्त होते. कोंडलेलं जनावर अंगावरच येणार. एक दार पूर्ण उघडं ठेवून, पोरांना दुसऱ्या खोलीत घेऊन बाजूला व्हावं. डोळ्यात डोळे घालून बघणं, दात दाखवून हसणं याचा अर्थ त्याच्या भाषेत भांडणाचं आव्हान असा होतो. पाठ दाखवून पळू नये. काठी जमिनीवर आपटत सावकाश मागं सरकावं.

हाकलायच्या नादात काही जण भलतंच करतात. पाईपमध्ये कॅल्शियम कार्बाइड टाकून वाजवायची बंदूक शेतात वापरतात. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे अशाच बंदुकीने शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक पोरंच होती. कुंपणाला घरचा करंट सोडणं तर सरळ गुन्हा आहे. वानर मरो न मरो, शेजारचा माणूस किंवा आपलीच म्हैस आधी मरते. विष घालणं, फासा लावणं हेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसतं, गुन्हा दाखल होतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यातलं लवूळ गाव आठवत असेल. माजलगाव तालुक्यातल्या या गावात 2021 साली वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घरांच्या माळवदावर न्यायला लागली. वर पिल्लांना ना दूध ना पाणी, काही उपाशी मेली, काही पडून मेली. "वानरांनी बदला घेतला" म्हणून बातमी देशभर फिरली, मेलेल्या पिल्लांचा आकडा दर बातमीत वाढत गेला. डिसेंबरमध्ये नागपूरचं पथक आलं, दोन वानरं पकडली आणि लांब जंगलात सोडायला नेली. सगळी टोळी उचलावी लागली नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. त्रास बहुतेक वेळा एक-दोन वानरांचाच असतो. टोळीत एकच मोठा नर राहतो, बाकीचे हाकलले जातात, आणि असा एकटा फिरणारा नर जास्त अंगावर येतो. म्हणून तक्रार करताना "वानरांचा त्रास" एवढंच न लिहिता नेमकं कोणतं वानर, त्याची खूण काय, कुठं आणि कधी येतं हे लिहावं.

अर्ज जातो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. ग्रामसभेचा ठराव, तारखेसह फोटो-व्हिडिओ, जखमींचे दवाखान्याचे कागद जोडले तर फाईल लवकर हलते. वनविभागाचा टोल फ्री नंबर 1926 आहे. नोव्हेंबर 2025 च्या शासन निर्णयाप्रमाणे उपद्रवी माकडं-वानरं पकडणाऱ्या जाणकार माणसाला पहिल्या दहापर्यंत प्रत्येकी 600 रुपये, त्यापुढे प्रत्येकी 300 रुपये, जास्तीत जास्त 10,000 रुपये मिळतात. प्रत्येक जनावराचा फोटो काढायचा आणि वस्तीपासून किमान 10 किलोमीटर लांब जंगलात सोडायचं, अशी अट आहे. त्यामुळे गावाने वर्गणी काढून कुणालाही परस्पर बोलवू नये. रात्री टेम्पोत भरून शेजारच्या शिवारात सोडली तर आपला त्रास त्यांच्या दारात जातो, आणि महिन्याभरात तो परतही येतो.

पिकाचं नुकसान झालं असेल तर तीन दिवसांच्या आत वनविभागाला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवायचं. भरपाईच्या यादीत माकडाचं नाव आहे, पण उशीर झाला की अर्ज तिथंच अडकतो.

चावलं किंवा ओरबाडलं तर "वानराचं काय होतंय" म्हणून घरी बसू नये. कुत्र्यासारखाच वानरापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि एकदा तो झाला की माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा निलंग्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस असे असतात: पहिला दिवस शून्य धरून, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं औषधही लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. दोन इंजेक्शनं झाली, बरं वाटतंय म्हणून पुढची सोडू नयेत.

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात सात-बारावर 32 एकर जमीन वानरांच्या नावावर असल्याची बातमी 2022 मध्ये गाजली होती. पूर्वी तिथं लग्नात आधी वानरांचा मान व्हायचा. प्रत्येक गावाला एवढी जमीन परवडणार नाही. पण गायरानात, नदीकाठाला चिंच, उंबर, वड, पिंपळ लावले तर टोळीला गावाबाहेर थांबायला जागा होते. झाडं मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे रोपं यंदाच्या पावसाळ्यातच लागायला हवीत.